बाकदार दांड्याचं बर्फाचं फावडं: अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका अख्ख्या हिवाळ्यानंतर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेलं फावडं काल धुऊन, पुसून गराजच्या भिंतीला टांगलं. पाच महिन्यांत अठ्ठावीस वेळा वापरलं. गराजमधल्या कॅलेंडरवर दर वेळी खूण करत होतो. यंदा इकडे पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी सविस्तर लिहितोय. अपार्टमेंटमध्ये असेपर्यंत हे काम आपल्या वाट्याला येत नाही, आणि घर घेताना त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी माझ्याकडे सरळ दांड्याचं, चांगलं रुंद फावडं होतं. रुंद म्हणजे काम लवकर उरकेल, असं वाटलं होतं. गेल्या जानेवारीत ओला बर्फ उचलून डाव्या बाजूला फेकताना कंबरेत अशी उसण भरली, की दारापर्यंतच्या तीन पायऱ्या चढायला बायकोचा हात धरावा लागला. आठवडाभर बूट घालायला वाकता येत नव्हतं.

नव्या फावड्याच्या दांड्याला मधोमध बाक आहे, टोकाला इंग्रजी डी अक्षरासारखी मूठ आणि प्लास्टिकच्या पात्याच्या कडेला लोखंडी पट्टी. बाकामुळे पातं जमिनीला टेकलेलं असतानाही पाठ बरीच ताठ राहते. ढकलायला तर हे फावडं फारच उत्तम. जाड हातमोजे घालूनही मूठ नीट हातात बसते. दुकानात जाल तेव्हा हातमोजे खिशात घेऊन जा आणि ते घालूनच मूठ धरून बघा.

दोन उणिवाही सांगतो. रस्त्याकडेचा ढीग छातीपर्यंत गेला की त्यावर बर्फ टाकताना बाकदार दांडा हातात फिरतो आणि अर्धा बर्फ परत खाली येतो. त्या कामाला जुनं सरळ फावडंच बरं पडतं. दुसरं, लोखंडी पट्टी काँक्रीटच्या सांध्यात अडकते आणि मूठ थेट पोटात बसते. डिसेंबरात एकदा असा जोराचा दणका बसला. तेव्हापासून दांडा पोटासमोर न धरता कुशीच्या बाजूला धरतो.

ईरी सरोवर गोठायच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, थंड वारा त्यावरची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यांत बर्फ म्हणून ओततो. एका भागात गुडघाभर बर्फ आणि काही मैलांवर लख्ख ऊन, असं इथे नेहमीचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागांत दोन मीटरच्या आसपास बर्फ पडला होता. त्या वादळात बर्फ हटवताना हृदयविकाराने माणसं गेली.

त्या बातम्या वाचून मी एकदा हिशेब मांडला. माझा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गराजपर्यंतची गाडीची वाट, साधारण सहा मीटर बाय बारा मीटर. त्यावर १५ सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ पडला, तर एक टनाच्या आसपास वजन होतं. ओला असेल तर तेच अडीच-तीन टनांवर जातं. मार्चमधल्या त्या जड, पाणीदार बर्फाला इथली माणसं ‘हार्ट अटॅक स्नो’च म्हणतात. अमेरिकेतल्या १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात, बर्फ काढताना दुखापत किंवा त्रास होऊन इमर्जन्सीत आलेल्यांची संख्या वर्षाला सरासरी ११,५०० निघाली आणि मृत्यू जवळपास शंभर. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हातांच्या जोराच्या कामाने रक्तदाब चढतो, त्यात आपण वजन उचलताना नकळत श्वास रोखतो. आपल्या लोकांत मधुमेह, बीपी, कमी वयात हृदयविकार किती घरांत आहे, ते वेगळं सांगायला नको. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फावडं हातात घेऊ नये. पैसे देऊन माणूस बोलवावा.

माझी पद्धत बदलली ती माझ्या वडिलांमुळे, अण्णांमुळे. साताऱ्याकडच्या आमच्या रानात त्यांनी आयुष्यभर खोऱ्याने दारं धरली, म्हणजे पिकाला पाणी वळवलं. व्हिडिओ कॉलवर मला बर्फ काढताना पाहून म्हणाले, “अरे, एवढं भरून काय घेतोस? अर्धं खोरं घे. आणि कंबर पिळू नको, पाय वळव.” तेव्हापासून पातं अर्धंच भरतो, होईल तितकं ढकलतो, आणि उचलावंच लागलं तर गुडघ्यात वाकून, दांडा अंगाजवळ ठेवून. फेकायच्या दिशेला आधी पाऊल वळवतो. पंधरा मिनिटं झाली की आत येऊन पाणी पितो. मोठं वादळ असेल तर थांबायची वाट न बघता दर सात-आठ सेंटीमीटरला एक फेरी मारतो. यंदा कंबर एकदाही धरली नाही.

प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, रस्ता साफ करून गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, तो सगळ्यात वाईट. मीठ, चिखल, बर्फाचे गठ्ठे, सगळं एकत्र. गोठून दगड व्हायच्या आत तो फोडायचा, थोडाथोडा, वरून खाली. ओला बर्फ पात्याला चिकटतो, त्यासाठी साधी मेणबत्ती पात्यावर दोन्ही बाजूंनी घासा. बर्फ चकलीच्या पिठासारखा चिकटून बसायचा, तो सरसर सुटतो. दर तीन-चार वापरांनंतर पुन्हा घासावी लागते.

फावडं हातात आहे तोवर आणखी एक काम करा. आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीतून घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा पांढरा पाइप बाहेर येतो, जमिनीपासून हातभर उंचीवर. जानेवारीत वाऱ्याने बर्फ तिथे असा साठला, की पाइपाचं तोंड दोन बोटंच उघडं होतं. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला वास नसतो. आता ड्राइव्हवेच्या आधी मी तिकडे जातो. गाडीचं इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंडही मोकळं करतो.

किमतीला फावडं पुरेपूर उतरलं. पात्याचा एक कोपरा झिजलाय, दांडा मजबूत आहे, पुढचा हिवाळा नक्की निघेल. डिसेंबरात अण्णा-आई येणार आहेत. अण्णा फावडं मागणार, हे मला आत्ताच माहीत आहे. त्यांचं वय एकाहत्तर, गोळ्या चालू आहेत. त्यांना मी खिडकीशी खुर्ची देणार, आणि तिथून ते सांगतील तसं खोरं चालवणार.