हॅस्केल-सीआय: आठ महिने वापरल्यानंतर

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत माझी एक छोटी लायब्ररी आहे. तिच्या कॅबल फाइलमधल्या (पॅकेजची माहिती असलेली फाइल) 'टेस्टेड-विथ' ओळीत मी जीएचसी या हॅस्केल कंपायलरच्या पाच आवृत्त्या ऐटीत लिहून ठेवल्या होत्या. टेस्ट मात्र चालायच्या एकाच आवृत्तीवर, लॅपटॉपवर असेल तिच्यावर. हॅस्केल-सीआय नेमकी हीच ओळ वाचतं आणि गिटहब ॲक्शन्सची (कोड आपोआप तपासणारी सेवा) फाइल बनवून देतं. दर आवृत्तीला वेगळा जॉब, त्यामुळे थाप मारायची सोय संपली.

पहिल्याच दिवशी जीएचसी ९.६ चा जॉब लाल, म्हणजे नापास! म्हणे 'व्हेन' हे फंक्शन सापडत नाही. ९.६ सोबत एमटीएल या लायब्ररीची २.३.१ आवृत्ती येते, आणि २.३ पासून कंट्रोल.मोनाड मॉड्यूलमधली फंक्शन्स एमटीएलमार्फत मिळणं बंद झालंय. एका इम्पोर्टने भागलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. हे टूल आधी पॅकेजचा टारबॉल (प्रकाशित करायची एकत्र बांधलेली फाइल) बनवतं, तो उघडतं आणि त्यावर टेस्ट चालवतं. माझ्या टेस्टला लागणारी एक नमुना फाइल टारबॉलमध्ये जातच नव्हती. माझ्या फोल्डरमध्ये ती होती, म्हणून मला कधी कळलंच नसतं.

डोकेदुखी झाली ती वॉर्निंगची, आणि दोष माझाच, कारण वॉर्निंगलाही एरर मानायचा हट्ट माझा. ९.८ ने 'हेड'-'टेल' या फंक्शन्सवर कुरकुर सुरू केली. ९.१० मध्ये 'फोल्डएल-प्राइम' हे फंक्शन थेट प्रिल्यूडमध्ये (आपोआप इम्पोर्ट होणारं मॉड्यूल) आलं, त्यामुळे माझा डेटा.लिस्टचा इम्पोर्ट तिथे अनावश्यक ठरला, ९.८ वर मात्र तो हवाच. सीपीपीच्या (आवृत्तीनुसार कोड बदलणारा प्रीप्रोसेसर) अटी घालायला हात धजेना. शेवटी मॉड्यूल क्वालिफाइड इम्पोर्ट केलं (म्हणजे फंक्शनच्या आधी मॉड्यूलचं नाव लावायचं), आणि दोन्ही आवृत्त्या गप्प झाल्या.

टेस्ट चालतात त्या कंपायलरसोबत आलेल्या लायब्रऱ्यांवर. नंतर त्याच लायब्रऱ्या वापरायचं बंधन काढून पुन्हा बिल्ड होतो, पण त्या फेरीत टेस्ट नसतात. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. विंडोजची तपासणीही यात होत नाही. तो जॉब मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलाय.

बनलेल्या फाइलला हात लावू नका. मी एकदा लावला, पुढच्या 'रीजनरेट'ला (फाइल पुन्हा बनवायची कमांड) सगळं पुसलं गेलं. नवी जीएचसी आली की आधी हे टूलच अपडेट करावं लागतं, नाहीतर ते तिला ओळखत नाही.

गेल्या महिन्यात ८.१० यादीतून काढली. एक ओळ खोडली, एक कमांड दिली, जॉब गायब.