काचबिंदू असताना सीपॅप: सहा महिन्यांच्या वापरानंतर

काचबिंदू आणि झोपेत श्वास अडकणं, दोन्ही असतील तर सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) घेताना मास्क निवडायला मशीन निवडण्यापेक्षा जास्त वेळ द्या. सहा महिने रोज रात्री वापरल्यावर हे ठामपणे सांगता येतं.

श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन रात्रभर खालीवर होत राहतो. डोळ्याच्या नसेला त्याचा त्रास होत असावा असं मानतात. म्हणून डोळ्यातला दाब 21 mmHg च्या आत, म्हणजे सामान्य असूनही नस खराब होत असेल, तर घोरण्याबद्दल डॉक्टरांना सांगाच. तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास अडकणं म्हणजे तीव्र आजार. त्यावर सीपॅप उत्तम चालतं. काचबिंदूचा उपचार मात्र ते नव्हे, थेंब चालूच राहतात. उलट हवेच्या जोरामुळे छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून रक्त परतायला अडथळा होतो आणि काहींच्या डोळ्यांतला दाब रात्री थोडा चढतो. दुपारी ओपीडीत मोजलेल्या दाबात तो सापडत नाही. मशीन सुरू केल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

आता मास्क. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर बसते. तिथे फट राहिली की हवा सरळ डोळ्यात जाते. सकाळी डोळे लाल, कोरडे, खुपणारे. लोक पट्टे आवळतात, त्याने कुशन (मास्कची मऊ सिलिकॉनची कड) चुरगळतं आणि गळती वाढते. आडवं पडून, मशीन चालू ठेवून मास्क जरासा उचला आणि हलकेच परत टेकवा. कुशन हवेने फुगून नीट बसतं. पट्टे त्यानंतर, थोडे थोडे. नाकपुड्यांत बसणारा नेझल पिलो डोळ्यांपासून लांब राहतो, म्हणून आमची पसंती त्याला. झोपेत तोंड उघडं राहत असेल तर मात्र तो नीट चालत नाही. आणि गळती नसतानाही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बुडबुडे आले तर हवा अश्रुनलिकेतून उलटी येतेय; डॉक्टरांना दाखवा.

रात्रीचा लॅटानोप्रॉस्ट (डोळ्यातला दाब कमी करणारा थेंब) मास्कच्या 15 मिनिटं आधी घाला. एकच थेंब, डोळा मिटून आतला कोपरा 2 मिनिटं दाबायचा, ओघळलेलं पुसून टाकायचं. दुसरं औषध असेल तर मध्ये 5 मिनिटं जाऊ द्या. टिमोलॉल (काचबिंदूचाच दुसरा थेंब) रात्री घेत असाल तर त्याची वेळ विचारून घ्या, कारण त्याने झोपेत रक्तदाब आणखी उतरू शकतो.

कुशन रोज सकाळी सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचं तेल लागलं की सिलिकॉन घसरतं. कुशीवर झोपताना खालच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून जास्त खराब झालेला डोळा वर राहील अशी कूस घ्या.