संगीत-रंगभूमीवरील प्रश्नपत्ते: खेळून पाहिल्यानंतर

हिंदुस्थानी संगीत आणि मराठी रंगभूमी यांविषयीचे सामान्यज्ञान तपासणारा प्रश्नपत्त्यांचा एक संच गेल्या दिवाळीत आम्ही घरी आणला आणि सुटीभर तो खेळून पाहिला. छपाई सुबक आहे आणि पत्ते जाड आहेत. प्रश्नांची प्रत मात्र पत्त्यागणिक बदलते.

ज्या पत्त्यापाशी आम्ही सर्वाधिक रेंगाळलो, त्यावर एवढेच विचारले होते की भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच स्वर असताना ते वेगळे कशाने ठरतात. भूप कल्याण थाटातला, म्हणजे त्या रागगटातला, आणि त्याचा वादी, म्हणजे प्रमुख स्वर, गंधार (ग), तर देसकार बिलावल थाटातला आणि त्याचा वादी धैवत (ध), हे उत्तर वाचून झाल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढावी लागली, कारण हा फरक कानांनीच पटतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये गंधर्व महाविद्यालय कोठे स्थापन केले, हा प्रश्नही चांगला आहे. लाहोर हे उत्तर पुण्याचे नाव घेणाऱ्या तिघांना चकवून गेले.

याउलट, पहिले मराठी संगीत नाटक म्हणून ‘सीतास्वयंवर’ दिले आहे, ते खटकते. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील त्या प्रयोगात पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पात्रांनी स्वतःच गाण्याची रीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’ने रुजवली, आणि संगीत नाटक असे आपण म्हणतो ते तिलाच. पर्याय निवडतानाही संपादकांनी हयगय केली आहे. दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त बालगंधर्वांच्या नायिका भामिनीसमोर नायक धैर्यधर कोण होते, या प्रश्नाखाली केशवराव भोसल्यांच्या बरोबरीने वसंतराव देशपांड्यांचे नाव छापले आहे, ते तेव्हा चौदा महिन्यांचे होते!

सर्वांत मोठी उणीव ध्वनीची आहे. व्हॉयेजर यानासोबत १९७७ मध्ये अंतराळात गेलेली भैरवी कोणाची, या पत्त्यावर केसरबाई केरकरांचे नाव आहे, पण ती ‘जात कहाँ हो’ ऐकण्याची सोय नाही. जाणकार वडीलधारे घरात असतील तर हा संच जरूर घ्यावा. शाळांनी मात्र दुरुस्त आवृत्तीची वाट पाहावी.