भिंतीवरच्या कॅलेंडरवर अर्धशिशीची नोंद: दहावीच्या वर्षाचा अनुभव

वापरलं ते साधंच. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय, एक काळं पेन, एक लाल पेन. दुधाचा हिशोब आणि सिलेंडर लावल्याची तारीख जिथे लिहितो, त्याच चौकोनांत गेल्या जूनपासून भाचीच्या डोकेदुखीची नोंद होते आहे. डोकं दुखलं पण शाळेत जाता आलं, तर काळा ठिपका. आडवं व्हावं लागलं, उलटी झाली, उजेड सोसेना, तर लाल फुली. गोळी घेतली, तर 'गो'. बस्स.

भाची शिकायला आमच्याकडे अमळनेरला असते, गाव चोपडा तालुक्यातलं. नववी संपता संपता महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखू लागलं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसची औषधं झाली, माझ्या आईने 'पोरले नजर लागनी' म्हणत मीठ-मिरच्याही ओवाळून टाकल्या. शेवटी जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, असं सलग ३ महिन्यांहून अधिक आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या (म्हणजे अर्धशिशीच्या) लक्षणांचे, तर ते जुनाट मायग्रेन, हे तिथे कळलं. मोठ्यांसारखं अर्धंच डोकं दुखेल असंही नाही, मुलांमध्ये बऱ्याचदा पूर्ण कपाळ दुखतं. तपासणीत बाकी काही सापडलं नाही म्हणून त्यांनी एमआरआय लिहून दिला नाही. नातेवाइकांना मात्र ते अजून पटलेलं नाही.

नोंद ठेवा, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आधी मोबाइलवरचं एक ॲप घेतलं. सगळं इंग्रजीत, दर वेळी ढीगभर प्रश्न, आणि डोकं ठणकत असताना स्क्रीनकडे बघवत नाही हे बनवणाऱ्यांना कसं सुचलं नाही कोण जाणे. ते लवकरच सुटलं. कॅलेंडर टिकलं, कारण ते समोर असतं आणि लिहायला दोन सेकंद लागतात.

अपेक्षा अशी होती की नोंदींतून 'कशाने दुखतं' ते सापडेल. त्या बाबतीत निकाल बेताचाच आहे. आमच्याकडे पहिला संशय केळ्यावर जातो, मग शेवभाजीच्या तिखटावर, मग वांग्याच्या भरितावर. हिवाळ्यात दर आठवड्याला भरीत-भाकरी झाली, केळी तर घरात कायमच असतात. फुल्यांशी यातल्या कशाचाही मेळ बसला नाही, तिघंही निर्दोष सुटले. सापडल्या त्या दोनच गोष्टी, आणि दोन्ही कंटाळवाण्या: रिकामं पोट आणि अर्धवट झोप. रिकाम्या पोटाचं तर कालनिर्णयानेच दाखवून दिलं. पोरगी संकष्टी धरायची. चंद्रोदय बऱ्याचदा नऊच्या आसपास, म्हणजे जेवण त्याहून उशिरा. त्या छापील चतुर्थीच्या चौकोनात किंवा लगतच्या दिवशी लाल फुली, असं महिन्यामागून महिने दिसलं. कोऱ्या वहीत हे लक्षात आलं नसतं. उपवास सुटला, त्यावर आजीची कुरकुर झाली, ती ऐकून घेतली. कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) जागरणाला मात्र ती बसलीच. दुसऱ्या दिवशी फुली पडली, पण त्याबद्दल कुणी तिला बोललं नाही. सगळंच बंद करायचं तर वर्षभर पोरीला कोंडूनच ठेवावं लागेल.

कॅलेंडरचा खरा फायदा 'गो'मध्ये निघाला. पहिल्याच महिन्याचं पान बघून डॉक्टरांनी फुल्या मोजल्या नाहीत, 'गो' मोजले. ती कॅफिन आणि अर्गोटामाइन असलेली मिश्र गोळी घेत होती. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, दप्तरात स्ट्रिप असायची. अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) महिन्यात १० दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन १५ दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ती मिश्र गोळी बंद झाली. नंतरचे दोन-तीन आठवडे फार वाईट गेले. तसे जातील हे डॉक्टरांनी आधी बजावलं होतं म्हणून धीर राहिला. त्यानंतर फुल्या हळूहळू विरळ होऊ लागल्या.

आताचा नियम असा: डोकं चढायला लागलं की लगेच, वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या पुरेशा मात्रेत साधी गोळी, पण आठवड्यात दोनच दिवस. 'लवकर घे' आणि 'जास्त घेऊ नको' ही दोन वाक्यं पोराला एकाच वेळी सांगणं अवघड असतं. कॅलेंडरवर या आठवड्याचे दोन 'गो' झालेले दिसले की ती स्वतःच गार पट्टी घेऊन झोपते. (जेलची पट्टी बरी आहे, पण आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये फ्रीजवर विसंबू नका, माठातल्या पाण्याचा पंचा चालतो. काळा चष्मा उन्हात ठीक. घरात घालू नका असं डॉक्टर म्हणाले, डोळे उजेडाला आणखी हळवे होतात.)

रोज रात्रीची प्रतिबंधक गोळीही आहे. आधी फ्लुनारिझिन दिली होती. तिने भूक वाढली आणि सकाळी सातच्या शाळेत पेंग येऊ लागली. मग प्रोप्रॅनोलॉल दिली, दमा नाही याची खात्री करूनच. निदान दोन महिने घेतल्याशिवाय मत बनवू नका, असं सांगण्यात आलं. गुण नेमका गोळीचा का, हे मी छातीठोक सांगणार नाही. २०१७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: ८ ते १७ वयाच्या मुलांना ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलं सुधारली आणि खऱ्या औषधांचा वरचढपणा दिसला नाही. त्यामुळे वेळेवर नाश्ता, झोप आणि पाणी याला आम्ही औषधाइतकंच धरतो.

शाळेचा भाग सगळ्यात त्रासाचा. वर्गशिक्षकांचं म्हणणं, 'गणिताच्या तासालाच बरं दुखतं हिचं!' तिथे कॅलेंडर कामी आलं. पानांच्या झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो. रविवारीही फुल्या, दिवाळीच्या सुट्टीतही फुल्या. सर बराच वेळ पानं उलटत राहिले, मग म्हणाले, 'मामा, काय काय लागेल ते सांगा.' मागितलं ते थोडंच: पत्र्यावरून चकाकणारं ऊन येतं त्या खिडकीपासून लांबची जागा, बाकावर पाण्याची बाटली, ऑफिसमध्ये ठेवलेली गोळी वेळेवर, उन्हातल्या कवायतीतून सूट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखलं की थेट घरी न पाठवता तासभर अंधाऱ्या खोलीत झोपू देणं. बऱ्याचदा ती उठून पुढच्या तासाला बसते. दहावीला ७५ टक्के हजेरीची अट असते, त्यामुळे हा एक तास मोलाचा. गैरहजेरीचे दाखले दर महिन्याला तेव्हाच्या तेव्हा देत गेलो. फेब्रुवारीत एकदम गोळा करायला गेलो असतो तर धावपळ झाली असती.

डॉक्टर मधूनमधून सहा प्रश्न विचारतात: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस शाळा बुडाली, घरचं काम, खेळ राहिले किती, असे. बेरीज ५० च्या वर म्हणजे तीव्र. सुरुवातीला ती त्याच गटात होती, आता सौम्य गटात आहे. डोकं अजूनही दुखतं.

तोटेही सांगतो. भिंतीवरचं पान सगळ्यांना दिसतं. येणारा-जाणारा 'अरेरे, एवढ्या फुल्या!' म्हणायचा आणि पोरीचा चेहरा पडायचा. म्हणून आता कॅलेंडर तिच्या खोलीत गेलंय आणि नोंद तीच करते, झोपताना एकदाच. दिवसातून चारदा 'दुखतंय का गं?' विचारायला तिच्या मामीला आणि मला बंदी आहे. आणि अचानक, आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप येऊन मान ताठणं, हातपाय लुळे पडणं, पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या, यातलं काही झालं तर नोंदी करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

जळगावला जायच्या आदल्या रात्री महिन्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिथे 'महिन्यातून किती वेळा?' असं विचारल्यावर आठवून सांगितलेला आकडा आणि पानावरचा आकडा आमच्याकडे तरी कधीच जुळला नाही.