केबल ठेवावी की काढावी? मुंबईतल्या एका घरासाठी तुलना

माझ्या मावसबहिणीचे घर लालबागला आहे, दोन खोल्यांचे. घरात ती, तिचे यजमान, दहावीतला मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. गेल्या महिन्यात केबलवाला पैसे घेऊन गेला आणि तिने मला फोन लावला, "ताई, वायफायचे पैसे भरतोच आहोत, मग केबल कशाला ठेवायची?" हा प्रश्न सध्या मुंबईतल्या अनेक घरांत निघतो आणि बहुतेक जण मासिक खर्चाची बेरीज करून मोकळे होतात. माझे मत असे, की बेरजेच्या आधी त्या घरात दुपारी दोन वाजता पडद्यासमोर कोण बसलेले असते, ते पाहावे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चाळीच्या एका मजल्यावर एखाद्या घरी संच असला तरी पुष्कळ होते. त्या घराचे दार संध्याकाळी उघडेच राही आणि मुले गॅलरीतून खिडकीच्या गजांना धरून पाहत. वाहिनी एकच असल्याने आज काय पाहायचे, असा प्रश्नच नव्हता. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या वायरी गेल्या, घरोघरी स्वतंत्र संच आले आणि ज्याच्या हाती रिमोट त्याची निवड, असे झाले. २०१६ मध्ये मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला आणि पडदा घराचाही राहिला नाही, माणशी एक झाला. केबल आणि इंटरनेटवर चालणारी ॲप यांच्यात निवड करताना आपण खरे तर घराचा एक पडदा आणि माणशी एक पडदा, अशा पाहण्याच्या दोन सवयींमध्ये निवड करत असतो.

आधी केबल पाहू. मुंबईत २०१२ च्या अखेरीपासून सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि २०१९ पासून ग्राहकाला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क मिळाला. या हक्काचा वापर फार थोडी घरे करतात. केबलवाला तयार पॅक लावतो आणि आपण तोच वर्षानुवर्षे चालू ठेवतो, त्यात घरात कोणाला वाचताही येत नाही अशा भाषांतील वाहिन्यांचेही पैसे जातात. त्यामुळे "केबल महाग पडते" या तक्रारीपैकी बराच भाग न तपासलेल्या पॅकचा असतो. जोडणीचे मूळ शुल्क २०१९ मध्ये १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर असे बांधलेले होते. पुढे त्याच रकमेत २०० वाहिन्या आल्या आणि २०२४ मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणून दर आता ज्याच्या त्याच्या केबलवाल्याला विचारूनच घ्यावा लागतो.

केबलची खरी किंमत मात्र वापरण्याच्या सोपेपणात आहे. माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी रिमोटच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर चार वाहिन्यांचे क्रमांक पेनाने लिहून ठेवले आहेत. चष्मा नसला तरी बोटांना ते क्रमांक पाठ आहेत. दुपारचे जेवण आटोपले की त्या बटण दाबतात आणि मालिका सुरू असते. जाहिराती त्यांना खटकत नाहीत, कारण तेवढ्यात भाजी निवडून होते. ॲपमध्ये हेच करायचे तर आधी वायफाय लागलेले हवे, मग पडद्यावरच्या चौकटींतून योग्य ॲपची चौकट उघडायला हवी, मग खात्यातून आपले नाव निवडायला हवे आणि मध्येच पासवर्ड मागितला तर मुलगा शाळेतून येईपर्यंत थांबायला हवे. एका घरी मी हे जवळून पाहिले आहे. केबल काढल्यावर तिथल्या आजी तीन आठवडे दुपारभर बंद पडद्यासमोर बसत होत्या आणि "मला आता नको वाटते पाहायला" असे सांगत होत्या. त्यांना पाहायचे होते, पण प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारण्याचा संकोच वाटत होता. ही गोष्ट मला अजून टोचते.

आता दुसरी बाजू. वायफाय आणि दोन-तीन ॲप एवढ्यावर घर चालू शकते, हे खरेच आहे. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास विनामूल्य दिसतात, म्हणजे केवळ बातम्यांसाठी केबल ठेवण्याची गरज उरलेली नाही. मालिकांचे भाग ॲपवर सवडीने पाहता येतात आणि त्यांपैकी काही तर पैसे भरणाऱ्यांना वाहिनीच्या आधी मिळतात. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सोय केबलपेक्षा निर्विवादपणे मोठी आहे, कारण ठरावीक वेळी घरी असणे हेच त्याला जमत नाही. खर्चाचे मात्र जपून मोजावे. एकेक ॲप स्वस्त दिसते, पण क्रिकेट एकावर, आवडती मालिका दुसऱ्यावर आणि चित्रपट तिसऱ्यावर असा विभागलेला कारभार असल्याने वर्षाची एकत्र बेरीज केबलच्या छाटलेल्या पॅकपेक्षा जास्त निघू शकते.

क्रिकेटच्या बाबतीत आणखी एक फरक आहे आणि चाळीत तो लगेच कळतो. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे असते. शेजारच्या खोलीत केबल असेल तर गोलंदाज आपल्या पडद्यावर चेंडू टाकायला धावत येत असतानाच भिंतीपलीकडून "आउट!" असा ओरडा येतो.

मुलांच्या बाबतीत मी केबलच्या बाजूने झुकते. २०२१ च्या नियमांनुसार ॲपवरील कार्यक्रमांना ७, १३, १६ अशी वयाची वर्गवारी आणि पालकांसाठी कुलूप आवश्यक आहे, पण ते कुलूप कोणी तरी लावावे लागते. त्याहून महत्त्वाचे असे, की ॲप एक भाग संपताच पुढचा आपोआप लावते आणि आपण काय पाहिले त्यावरून तसेच आणखी समोर आणते. खोलीतल्या सामाईक संचावर मूल काय पाहते ते आईच्या कानावर पडत असते, हेडफोन लावून मोबाइलवर पाहिलेले कोणालाच कळत नाही.

बातम्यांचा प्रभाव मुंबईने फार जवळून अनुभवला आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या वार्तांकनावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमाने मनाई झाली. वाहिनी चुकली तर तिला जाब विचारता येतो, पण फॉरवर्ड होत आलेल्या चित्रफितीचा मूळ धनी बहुधा सापडतच नाही. त्यामुळे पूरपरिस्थितीसारख्या दिवशी घरात निदान एक वाहिनी, कशावरही असो, हाताशी असावी असे मला मनापासून वाटते.

डिशचा विचार करणाऱ्यांनी जुलै आठवावा. मुसळधार सरीत उपग्रहाचा सिग्नल पावसातच क्षीण होतो आणि चित्र जाते. शिवाय पुष्कळ सोसायट्या भिंतीबाहेर डिश लावू देत नाहीत. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र मासिक शुल्क नाही, एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च केला की झाले. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरलेले सामने २००७ च्या कायद्यामुळे तिथे पाहता येतात. सह्याद्रीही असतेच. इतर कोणत्या खासगी वाहिन्या तिथे असतील ते लिलावावर ठरते आणि लोकप्रिय मराठी मालिकांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. हातावर पोट असलेल्या घरासाठी ती उत्तम आहे, सासूबाईंच्या चार क्रमांकांसाठी नाही.

गोरेगावात भाड्याने एकत्र राहणारी नोकरदार मुले असतील तर त्यांनी केबल निःशंकपणे काढावी. लालबागच्या घरासाठी मी केबल ठेवायला सांगितले, पण पॅक छाटून. बहिणीने सासूबाईंना शेजारी बसवून वाहिन्यांची यादी वाचली. त्यांनी चिकटपट्टीवरच्या चार सांगितल्या, थोडे थांबून पाचवी, कीर्तनाची, मागून घेतली. यजमानांनी क्रीडा वाहिनी एक ठेवली, मुलाने एकही मागितली नाही. ती यादी कागदावर लिहून पुढच्या वसुलीच्या दिवसासाठी दाराच्या खिळ्याला अडकवली आहे, आणि ॲपपैकी एकच, वार्षिक, चालू ठेवले आहे.