जुना जपानी जॅझ बेस आणि नवा पाचतारी: उन्हाळा-पावसाळा वाजवून झाल्यावर

आपल्याकडे परभणी-नांदेड पट्ट्यात बेस गिटार वाजवणारे मोजकेच. बहुतेक ऑर्केस्ट्रात ते काम की-बोर्डवाल्याचा डावा हातच करतो. त्यामुळे कुणी बेस घ्यायला निघालं की सल्ला देणारंही जवळ कुणी नसतं. मग ‘विंटेज आहे’ एवढ्या एका शब्दावर माणूस जादा पैसे मोजतो, नाहीतर दुकानातला सगळ्यात चकचकीत पीस उचलून आणतो. माझ्याकडे सध्या दोन बेस आहेत. एक ऐंशीच्या दशकातला जपानी जॅझ बेस (हे फेंडर कंपनीच्या मॉडेलचं नाव), जुन्या बाजारातून घेतलेला. दुसरा नवा, पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला. जुन्याला नव्याच्या जवळपास दुप्पट पैसे पडले. भीमजयंतीचे कार्यक्रम, लग्नाचे रिसेप्शन, गणपती आणि थोडं रेकॉर्डिंग, सगळीकडे दोन्ही आलटून पालटून वाजवले.

आधी नव्याबद्दल, कारण रोजचं काम तोच करतो. गायकाची पट्टी काळी दोन असली की चारतारी वाजवणारा अडतो. चारतारीची सगळ्यात खालची तार ई, आणि काळी दोनचा सा तिच्याही अर्ध्या सुराने खाली. मग तो सा वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याचा तळच उचलला जातो. पाचतारीवर ईच्याही खालची बी तार असते. तिच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्टीशी, बोट ठेवलं की तो सा तिथेच मिळतो. काळी एकचंही तसंच, दुसऱ्या फ्रेटवर. भीमगीतांच्या कार्यक्रमात गायक बदलला की पट्टी बदलते, पुरुष गायकानंतर लगेच गायिका येते. अशा वेळी ही पाचवी तार खरंच वाचवते. एक मात्र आहे: मोकळी बी तार साधारण 31 हर्ट्झला वाजते, आणि लहान मंडपातल्या बॉक्समधून एवढा खालचा मूळ सूर नीट येत नाही. चांगले सब (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) असतील तरच त्या तारेचे पूर्ण पैसे वसूल होतात.

अ‍ॅक्टिव्ह सर्किट नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि जॅकमध्ये वायर घातली की चालू होतं. कार्यक्रम संपला की वायर काढायची, नाहीतर बॅटरी रात्रभर झिजत राहते. बॅटरी उतरायला लागली की आवाज आधी फाटतो, मग बंद पडतो. माझ्या बेसला पॅसिव्हचं बटण आहे, म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायची सोय. नवा बेस पाहताना हे बटण आहे की नाही, ते मी आधी बघेन. जॅकचं सोल्डरिंग चार-पाच महिन्यांतच सुटलं. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत जोडून दिलं, पण या किमतीच्या वाद्याला ते व्हायला नको होतं.

आता जुना. जॅझ बेस फेंडरने 1960 मध्ये आणला. त्यांचा पहिला बेस, प्रिसिजन, 1951 चा. माझा पीस त्या सुरुवातीच्या जॅझ बेसच्या धर्तीवर जपानात बनलेला. नटची (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी 38 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे नेक टोकाकडे निमुळता आणि डाव्या हाताला हलका. त्यावर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, चपट्या वेटोळ्याच्या) तारा चढवल्या आहेत. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना त्या तारांचा गोल, दबका ठोका असा बसतो की ढोलकीच्या थापेला कुठे धक्का लागत नाही. रेकॉर्डिंगला आता मी दुसरा बेस काढतच नाही.

पण स्टेजवर? जॅझ बेसचे दोन पिकअप (तारांचं कंपन पकडणारी चुंबकी कॉइल) एकमेकांच्या उलट वळणाचे असतात, आणि प्रत्येकाच्या आवाजाचा नॉब वेगळा. दोन्ही नॉब पूर्ण उघडे असतील तर हमिंग कापलं जातं, एक जरा कमी केला की लगेच डोकं वर काढतं. जनरेटरवरचा मंडप, अर्थिंगचा पत्ता नाही, शेजारी एलईडी पारचे डिमर. साउंडवाला लांबूनच ओरडतो, ‘दादा, हमिंग यायलंय!’ मग मनासारखा टोन सोडून दोन्ही नॉब पूर्ण उघडायचे. ज्याचं सगळं काम मंडपातलं आहे त्याने प्रिसिजन पद्धतीचा बेस बघावा. त्याचा पिकअप 1957 पासून दोन तुकड्यांचा आहे आणि हमिंग तिथल्या तिथे कापतो.

दुसरी गोष्ट हवामानाची, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, हवा कोरडीठाक. लाकूड आडवं आक्रसतं, फ्रेटची धातूची पट्टी आक्रसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येतात आणि हाताला टोचतात. पावसाळ्यात नेक ओलावा घेतो, पुढे वाकतो आणि तारा उंच होतात. नव्या बेसला ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या बाजूने, फिरवता येतो, पाव आटा दिला की काम झालं. जुन्या पद्धतीच्या बेसला तो नेकच्या खालच्या टोकाला असतो. तारा सैल करा, नेकचे चारही स्क्रू ढिले करा, आटा द्या, परत कसा, परत ट्यून करा. घरी ठीक आहे, कार्यक्रमाच्या गावी नाही. इतके सगळे आटे देऊनही माझ्या जुन्या पीसचा नेक दोन्ही ऋतूंत पुन्हा जागेवर आला. मी दिलेल्या पैशांतला मोठा वाटा मला तिथे परत मिळाला.

म्हणून जुना बेस बघायला गेलात तर बॉडीवरच्या ओरखड्यांकडे शेवटी बघा. आधी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि सातव्या-आठव्याजवळ तार व फ्रेटमधली फट बघा. जाड व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी असावी. अजिबात नसेल किंवा फारच असेल तर ट्रस रॉड फिरतोय का ते समोर फिरवून दाखवायला सांगा. तो पूर्ण फिरून संपलेला असेल तर सौदा तिथेच थांबवा. मग जी तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर धरून ठेवा. फेंडर पद्धतीच्या नेकवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर पटकन विझतो, कारण तिथे नेकच तारेचं कंपन पिऊन टाकतो. माझ्या जुन्यात सहाव्यावर तो आहे. थोडा असेल तर चालतो. सूर निम्म्यातच मरत असेल तर भाव पाडा किंवा सोडा.

भावाचं गणित वेगळं आहे आणि ते स्वतंत्रच मांडावं. अमेरिकन फेंडरमध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर 1965 च्या जानेवारीत घेतली, त्याआधीच्या पीसला सगळ्यात जास्त भाव. सत्तरच्या दशकातले त्या मानाने स्वस्त आणि बऱ्याचदा जड. पुन्हा रंगवलेल्या बेसची किंमत मूळ रंगातल्याच्या साधारण निम्म्यावर येते, मग आवाज कितीही गोड असो. आतल्या पॉटवर (नॉबखालच्या, आवाज-टोन कमी-जास्त करणाऱ्या भागावर) कोड असतो: 1376632 असेल तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966, आणि 32 वा आठवडा. त्यावरून बेस त्याआधीचा नाही एवढंच कळतं. फेंडरने 1966 मध्ये घेतलेले पॉट पुढे काही वर्षं वापरले, त्यामुळे पॉट 66 चा म्हणजे बेस 66 चा असं होत नाही. नेक काढून टोकावरची तारीख, सोल्डरिंगला कुणी हात लावलाय का, स्क्रूची जास्तीची भोकं, हे सगळं एकत्र जुळायला हवं. जपानी पीसमध्ये जेव्ही अक्षरांनी सुरू होणारे अनुक्रमांक 1982 ते 1984 चे, त्यांना मागणी जास्त. माझा त्यानंतरचा आहे, आणि वाजवायला घ्यायचा होता म्हणून मी त्या दोन अक्षरांचे जादा पैसे दिले नाहीत.

वाजवणाऱ्याने मूळपणासाठी पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बदललेले पॉट, नवा नट, नवे फ्रेट यांनी संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते आणि तोच पीस आपल्याला परवडायला लागतो. एकच बेस घेण्याइतके पैसे असतील आणि पोट स्टेजवर असेल तर नवा पाचतारी घ्या, जॅक आणि वायरिंग तपासून. जुना दुसरा बेस म्हणून घ्या, नेक सरळ मिळाला तरच.

माझ्या जुन्याचे पहिल्या पाच फ्रेटवर खड्डे पडलेत. यंदाचा सीझन संपला की ते फ्रेट बदलून घेणार आहे. दोन्ही बेस ठेवतोय, विकायला काढलेले नाहीत.