जुनी सुपर्ब, ४०२ मीटर आणि माझे १४ महिने

गाडी २०११ची स्कोडा सुपर्ब, २.० टीडीआय म्हणजे डिझेल, सहा गिअरची डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जळगावातच सेकंडहँड घेतली तेव्हा १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेले होते. कंपनीचे आकडे १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटर. मागे पाय पसरून झोपता येईल एवढी जागा, ५६५ लिटरची डिकी, मागच्या दारात छत्रीचा कप्पा. ड्रॅगसाठी, म्हणजे उभ्या गाडीने सुटून ४०२ मीटर सरळ पळवायच्या शर्यतीसाठी, शहाणा माणूस घेणार नाही अशी गाडी. मी घेतली, कारण बजेटात बसली आणि डिझेलचा टॉर्क आवडतो.

सगळ्यांसारखी माझीही सुरुवात रीमॅपपासूनच झाली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग (मॅप) बदलण्यापासून. एका मोठ्या शहरातल्या दुकानात ४५ हजार मोजले. त्यांनी ४०० न्यूटन मीटरच्या वरचा मॅप टाकला आणि "बिनधास्त चालवा" म्हणाले. आता हा गिअरबॉक्स कंपनीच्या हिशोबाने ३५० पर्यंतचा. तीन आठवड्यांत चाळीसगाव रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी तिथेच. क्लच घसरत होता. फोन केला तर "तुमचा गिअरबॉक्सच म्हातारा आहे." शेवटी दुसरीकडून टॉर्क ३७० वर आणून घेतला, गिअरबॉक्सचा मॅप बदलून क्लचचा दाब वाढवला आणि तेल-फिल्टर नवं टाकलं. हे तेल दर ६० हजारांना बदलायचं असतं. आधीच्या मालकाने ते एकदाही बदललं नसावं, इतकं काळं निघालं. तेव्हापासून क्लच घसरलेला नाही. जुनी डीएसजी घेत असाल तर मॅपचे पैसे आधी तेलात घाला.

एवढं करून लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला गेलो. ४०२ मीटर १६.६ सेकंदांत, शेवटचा वेग ताशी १३९ किलोमीटर. कागद हातात आला तेव्हा मी वेगाकडे बघून खूश होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने पहिल्याच आकड्यावर बोट ठेवलं. पहिले ६० फूट, म्हणजे १८ मीटर, २.७ सेकंद. "काका, इथेच गेली तुमची."

त्याचं खरं होतं. ही पुढच्या चाकांवर चालणारी लांबलचक गाडी. सुटताना वजन मागे बसतं, नाक वर जातं, चाकं जागेवर फिरतात आणि वर उड्या मारतात. जितका टॉर्क जास्त तितका तमाशा मोठा. मॅप टाकायच्या आधी हेच अंतर २.६ सेकंदांत जात होतं. म्हणजे पैसे भरून मी सुरुवात बिघडवून घेतली होती.

त्यानंतरचे महिने फक्त त्या १८ मीटरवर घालवले. ओळखीच्यांचं कापसाचं जिनिंग आहे. हंगाम संपला की आवारातला काँक्रीटचा पट्टा रिकामा पडतो. पूर्ण ४०२ मीटर तिथे शक्य नाही, पण १८ मीटर आणि ब्रेक, हे निवांत होतं. (हायवेवर कुणी करू नका. कलम १८९ खाली पहिल्यांदा पकडलं तरी ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि आपल्याकडे रात्री केळीच्या ट्रकांमागे न दिसणारा ट्रॅक्टर असतोच.)

सगळ्यात मोठा फरक पडला तो इंजिनाला हलण्यापासून धरून ठेवणाऱ्या, खालच्या डॉगबोन माउंटच्या बुशने. ३५०० रुपयांचा पॉलियुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारख्या रबराचा) तुकडा. जुनं रबर इतकं मेलेलं होतं की इंजिन पुढे-मागे झोके घेत होतं, त्या उड्यांचं मूळ तिथेच. आता उड्या बंद. पण सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग आणि सीट बारीक थरथरते. बायको म्हणते, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.

दुसरं, हौसेने घातलेली १८ इंची अलॉय काढून परत १६ इंची चाकं, २०५/५५चे चांगले टायर. चाक हलकं, टायरची भिंत उंच, पकड बरी. पळवताना पुढे २६ पीएसआय, मागे ३८. घरी निघताना हवा परत सारखी करायची, विसरायचं नाही. मागची सीट, स्टेपनी, जॅक काढले, टाकीत १५ लिटरच डिझेल. साधारण ८० किलो उतरलं, तेही मागून, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा वाटा वाढला.

सुटायची पद्धत: ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, गिअरचा लिव्हर एसवर म्हणजे स्पोर्टवर, डावा पाय ब्रेकवर, उजवा तळापर्यंत. गिअरबॉक्सच्या मॅपमध्ये लाँच, म्हणजे ब्रेक सोडताच गाडी झटक्यात सुटायचं सेटिंग, घातलेलं आहे. गाडीपेक्षा डाव्या पायाला शिकवणंच अवघड गेलं. शिवाय सुटायच्या रेषेवर आडवा प्रकाशाचा बीम असतो, गाडी त्याच्या अलीकडच्या कडेला थांबवायची. बीम सुटेपर्यंत घड्याळ चालू होत नाही, तेवढी पाऊण-एक फुटाची धाव फुकट मिळते.

फसलेली गोष्ट म्हणजे हवेचा उघडा कोन फिल्टर. आवाज मस्त, पण जिनिंगच्या आवारात दोन दिवसांत त्यावर रुईची गादी बसली. शिवाय तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मेमध्ये जळगावात ४४-४५ चढतं, २० अंशांच्या हवेपेक्षा ही हवा आधीच सात-आठ टक्के विरळ. कंपनीचा डबा परत बसवला.

यंदा परत आंबी व्हॅली. ६० फूट २.३४, पूर्ण अंतर १५.९, शेवटचा वेग १४१. म्हणजे इंजिन जवळपास तेच, वाचली ती सुरुवात. शिंदखेड्याच्या मामांनी एकूण खर्च ऐकला आणि म्हणाले, "इतला पैसा टाकीसनी पाऊण सेकंदच वाचना का रे भाऊ?" मामांना सांगितलं, पाऊण सेकंद स्वस्तातच पडला, महाग पडलं ते आधीचं.

रोजच्या वापरात हायवेला १६चं अॅव्हरेज अजून मिळतं. ज्यांना ४०२ मीटर १५ सेकंदांच्या आत जायचंय त्यांनी मोठा टर्बो, वेगळे क्लच आणि दुसरी गाडी बघावी. मी इथेच थांबलोय.

उद्या मामांना भुसावळ स्टेशनवरून आणायचंय. मागची सीट आज रात्री बसवायला घेतली, चारातला एक बोल्ट सापडत नाहीये.